उघड्या जीपची हौस
वेल्डिंगचा जळका वास आला की मला जीप घ्यायला वैजापूरला गेलो तो दिवस आठवतो. रोज ऑफिसला उघड्या जुन्या जीपमधून जायचं, ही माझी चाळिशीतली हौस. बायकोची अट एकच, गाडी रस्त्यात बंद पडता कामा नये. शहरभर जीपा पाहिल्या. एकीचं इंजिन धापा टाकायचं, दुसरीचा गिअर हातात यायचा. वैजापूरची मात्र चावी फिरवताच सुरू झाली. ताडपत्रीचा टप मागं सारून मी कांद्याच्या ट्रॉल्यांमधून चक्कर मारली, तोंडभर धूळ खाल्ली आणि खुशीत मालकाला म्हणालो, "चाचा, रोज चालवायचीय, बायकापोरं बसणार, सगळं पक्कं करून ठेवा." आठवड्यानं बायकोला घेऊन गेलो, तर टपाच्या जागी वेल्डिंग केलेलं पत्र्याचं छप्पर! "हे काय केलं चाचा?" "तुम्हीच म्हणालात ना, पक्कं करा? लई मजबूत केलंय. आता ऊन नाय, धूळ नाय, भाभी खूश!" "बघा, परक्या माणसाला कळतं," असं म्हणत बायको आत जाऊन बसलीसुद्धा. आजही औरंगपुऱ्याच्या गर्दीत मी त्या भट्टीत घाम पुसत बसतो. मेली एकदाही बंद पडत नाही, नाहीतर त्या निमित्तानं विकून तरी टाकली असती.