धुळ्याला गेलेली किल्ली

विद्यापीठाने पदवीच्या पोरापोरींचं कॉलेजजीवन सुखाचं करायला एक समिती नेमली आणि कुणाला तरी दुर्बुद्धी होऊन तिचा प्रमुख मला केलं. पहिल्याच बैठकीत मी सेल्फी पॉइंट सुचवला. हिरवळ, रंगीत छत्र्या, मागे कारंजं. सगळे “वा सर, वा” म्हणाले. विद्यार्थ्यांतर्फे समितीत आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी तेवढी घड्याळाकडे बघत होती.

“काय गं, नाही आवडलं?”

“आवडलं सर. पण फोटो काढत बसले तर गाडी जाईल.”

ही मुलगी रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून रोज जळगावला यायची. रावेरहून तिच्या गावाची शेवटची बस गाठायची तर जळगावातून चारलाच निघायला हवं. आमचं प्रॅक्टिकल सुटायचं साडेपाचला. त्यामुळे तिचे प्रयोग अर्धे राहायचे, नाहीतर बाप अंधारात मोटारसायकल घेऊन रावेरला यायचा. बापाने सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत असंच चाललं तर कॉलेज बंद.

“मग सकाळी?”

“सकाळच्या गाडीने आम्ही गावाकडच्या पोरी साडेआठलाच येतो ना सर. बाराला तास सुरू होईपर्यंत कट्ट्यावर बसतो.”

म्हणजे सकाळी पोरी रिकाम्या, प्रयोगशाळाही रिकामी. प्रॅक्टिकल दुपारीच का, असं मी विभागात विचारलं, तर उत्तर आलं, “दुपारीच असतं.” मीही मान डोलावली. वीस वर्षं मीच ते दुपारी घेत आलो होतो.

तरी प्रमुख म्हणून प्रत्यक्ष पाहणी करावी म्हणून एका दुपारी मी तिच्यासोबत आणि तिच्या मैत्रिणींसोबत स्टँडवर गेलो. गाडी फलाटाला लागली आणि गर्दी धावली. आता आपल्याकडे गाडीत चढण्याआधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत. माझ्या अंगात एकदम कॉलेजकुमार संचारला. रुमाल कसला, मी अख्खी बॅगच खिडकीतून सीटवर फेकली आणि ओरडलो, “या गं पोरींनो, जागा धरली!”

“सर,” ती म्हणाली, “ही धुळ्याची गाडी आहे.”

मी दाराकडे वळेपर्यंत बेल वाजली होती. गाडीमागे मी जे धावलो, त्याचा व्हिडिओ अजून पोरांच्या मोबाईलवर आहे म्हणतात. बॅगेत डबा होता, चष्मा होता आणि प्रयोगशाळेची एकुलती एक किल्ली होती. दुसरी मीच आधी हरवलेली.

पोरींनी मला चौकशी खिडकीशी नेलं. तिथल्या साहेबांनी धुळ्याला फोन लावला. गाडी पोचल्यावर कंडक्टर माझ्याशीच बोलला.

“भाऊ, तुमनी बॅग खिडकीजोडे बसीसन धुळे उनी. रस्ताभर तिले कोन्ही उठाडं नही!”

माझी बॅग खिडकीशी बसून थेट धुळ्याला पोचली होती. वाटेत पारोळ्यापासून लोक गाडीत उभे होते म्हणे, पण धरलेल्या जागेला कुणी हात लावला नाही. खान्देशातल्या माणसांची ही सभ्यता मला तेव्हा फारच महागात पडली.

बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. तोवर दुपारचं प्रॅक्टिकल बुडालं होतं. विभागप्रमुख म्हणाले, “तुमचा पराक्रम तुम्हीच निस्तरा. उद्या सकाळी नऊला उरकून टाका.”

सकाळी कट्ट्यावरच्या सगळ्या पोरी आत आल्या. कुणाचं घड्याळाकडे लक्ष नाही. त्या मुलीने पहिल्यांदा प्रयोग शेवटपर्यंत केला, उत्तर चुकलं म्हणून हसत पुन्हा केला. बाराला सगळे मोकळे. मग तास, आणि तीनच्या आत सुट्टी. विभागप्रमुख दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, “पुढच्या आठवड्यापासून असंच ठेवा.”

समितीच्या अहवालात मी ‘सखोल पाहणीअंती प्रॅक्टिकल सकाळी घेण्याचे ठरले’ असं लिहिलं. वाचून कुणीही हसलं नाही, याबद्दल मी सहकाऱ्यांचा ऋणी आहे. त्या कंडक्टरचा, धुळ्यापर्यंत उभ्याने गेलेल्या अनोळखी प्रवाशांचा तर आहेच.

दिवाळीनंतर तिचे वडील विद्यापीठात आले. मला वाटलं, दाखला न्यायला. त्यांनी केळ्यांची फणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “पोरगी आता उजेडी घरी येते, सर. पुढच्या वर्षाची फी कधी भरायची, तेवढं सांगा.”