मामांचा परस

नव्वदच्या दशकात मी नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठाने विहिरी मोजत हिंडायचो. दोन याद्या करायच्या होत्या. दगड झालेली जुनी हाडं कुठल्या विहिरीत किती खोल सापडली, याची एक. त्याच विहिरींत माती, चुनखडी, वाळूगोटे यांचे थर किती खोलीवर लागले, याची दुसरी. पुण्यातल्या कॉम्प्युटरवर खोली जुळवून दोन्ही जोडल्या, की कुठलं जनावर कुठल्या काळात नदीकाठी चरत होतं ते कळणार होतं.

थर मी टेपने मोजले. हाडांची खोली मामांनी सांगितली. मामा, म्हणजे सगळ्या गावाचे मामा, विहिरी खोदायचे. कुणी विचारत नसतानाही त्यांनी ती हाडं पोत्यात बांधून माळ्यावर जपली होती. हाड हातात घेतलं की त्यांना विहीर आठवायची आणि खोलीही, परसात. उभ्या माणसाने हात वर केला की पायापासून बोटांच्या टोकापर्यंत एक परस. मी भिंतीला पाठ लावून स्वतःचा परस मोजला आणि सगळ्या हाडांना तोच लावला.

कॉम्प्युटरने मामांचे बैल आणि हत्ती खालच्या काळ्या खडकात नेऊन ठेवले. लाव्हाचा खडक तो, त्यात हाड कुठून येणार? पुण्यात माझं काम बघणाऱ्या सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, म्हाताऱ्याचा अंदाज चुकतो. सरांनी मामांची सगळी हाडं यादीतून काढली.

पुढच्या खेपेला मामांनी चहा दिला आणि विचारलं, "आमची हाडं लागली का ठिकाण्याला?" मी हो म्हणालो.

त्याच दुपारी त्यांच्याबरोबर एका नव्या विहिरीत उतरलो. मामांनी हात वर करून भिंतीवर खूण केली. ती माझ्या डोक्याच्या जरा वर आली, इतकीच. मामा माझ्या खांद्याला लागतात, हे मी रोज बघत होतो. तिथेच बसून त्यांना सगळं सांगितलं.

ते खूप हसले. "सायेब, तुमच्या परसानं खोदली आसती तर पानी न्हाई, पाताळ लागलं आसतं." मग हसू थांबलं. "हाडं न्हाई घेतली तरी चालंल. पर मामा खोटं बोलला, आसं नगं ऱ्हायला. सरांना सांगाल ना?"

सांगतो म्हणालो. पुण्यात मामांच्या परसाने हिशेब केला आणि एकेक हाड वाळूगोट्यांच्या थरात जाऊन बसलं. सर खूश झाले. काय चुकलं होतं, त्यांनी विचारलं. "परसाचा घोळ झाला होता," मी म्हणालो. कुणाचा, ते बोललो नाही. "म्हातारी माणसं," सर म्हणाले.

मामांना सांगितलं, सगळं जागेवर आलं. त्यांनी लगेच माळ्यावरून आणखी एक दाढ काढून दिली.

काही वर्षांनी मामा वारले, तेव्हा मी त्या यादीखाली एक ओळ घातली: परस मामांचा, चूक माझी. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या घरचा पत्ता माझ्याकडे होता, पत्र मात्र मी टाकलं नाही.