मळ्यात निघालेलं जातं

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. एका उन्हाळ्यात बाबा तिथं विहीर खणत होते, तेव्हा कमरेइतक्या खोलीवर काळ्या दगडाचं जातं लागलं. वरचा-खालचा, दोन्ही दगड शाबूत. वरचा आमच्या जात्यापेक्षा जाड होता, आणि खुंटा ठोकायला वरून भोक नव्हतं. कडेला आडवी खाच होती. आईचं जातं झिजून गुळगुळीत झालेलं. तिनं बाबांकडून या जात्याला छिन्नीनं टाकी लावून घेतली, खाचेत बाभळीचा दांडा बसवला आणि ज्वारी दळायला लागली. पीठ मऊ पडायचं.

पावसाळा सरता सरता माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. नुकता कुठं चालायला लागला होता तो. आई त्याच पिठाची आंबील त्याला पाजत राहिली. तो गेला.

सुतक फिटलं तशी शेजारची काकू आली. म्हणाली, "मेलेल्या लोकाइचं जातं व्हय ते. त्याच्यावर दळलं कावून तुनं?"

हळूहळू बाया आमच्या अंगणात यायच्या बंद झाल्या. बाबांनी जातं गोठ्यामागं नेऊन टाकलं.

हिवाळ्यात गावाजवळचं जुनं टेकाड पाहायला नागपूरहून एक साहेब आले. जुन्या वस्तूंची पारख हेच त्यांचं काम. बाबांनी त्यांना जातं दाखवलं. साहेब खाली बसून बराच वेळ त्या खाचेवरून बोट फिरवत राहिले.

"दोन हजार वर्षांचं असेल," ते म्हणाले. "तेव्हा रोमची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागायची. तिकडचे शिपाईसुद्धा असलं हातजातं बरोबर बाळगायचे."

आई दाराआडून बाहेर आली. परक्या पुरुषाशी ती कधी बोलत नसे.

"साहेब, याच्यावरचं खाल्लं तं लेकरू मरते काय?"

साहेब उभे राहिले. "नाही बाई. दगड आहे हा. लेकरू तापानं गेलं."

"मंग हे त्या बायाइले सांगा."

कुंपणापाशी जमलेल्या बायांना त्यांनी खरंच सांगितलं. पदर पुढं ओढून बायांनी ऐकलं, माना हलवल्या आणि आपापल्या घरी गेल्या. जातं साहेबांच्या बैलगाडीतून गेलं. आमचं अंगण मात्र तसंच ओस राहिलं.

पुढं बाबांना बडनेऱ्याला रेल्वेत खलाशाचं, म्हणजे मजुराचं, काम लागलं. तिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पण एखादी नवी शेजारीण येऊन बसली, लेकरं किती म्हणून तिनं विचारलं, की आई आपणहून सांगायची, "पोरगा व्हता एक. माह्याच हातच्या पिठानं गेला."