उतार आणि उतारा

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची मला लहानपणापासून खोड. आई त्याला भोचकपणा म्हणायची. फेलोशिपचा अर्ज भरताना कळलं, की त्यालाच जिज्ञासा म्हणतात आणि त्यासाठी शाळेतून वर्षभराची रजासुद्धा मिळते. नगरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. नदीखोऱ्यांच्या इतिहासावर काम करायला फेलोशिप आहे, मोठ्या पदवीची अट नाही, असं एका मैत्रिणीनं मोबाईलवर पाठवलं आणि समोरचा चहा गार होईपर्यंत माझा अर्ज भरून झाला होता.

विषय लिहिला : प्रवरेवरचे जुने उतार. पूल नव्हते तेव्हा माणसं आणि बैलगाड्या जिथून पाण्यात उतरून पलीकडे जायच्या, ती जागा म्हणजे उतार. मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी विचारलं, की देवळं, घाट, धरणं सोडून हेच का? मी खरं ते सांगून टाकलं. मी पाथर्डीकडची. आमच्याकडची नदी वर्षातले दहा महिने कुठूनही ओलांडता येते, चप्पलसुद्धा काढावी लागत नाही. वाहती नदी ओलांडायला मात्र नेमकी जागा लागते. ती कुणीतरी पाय टाकटाकून शोधलेली असणार, आणि कुणीतरी कुणालातरी सांगितलेली असणार. कुणी, ते मला हवं होतं. सर हसले, आणि महिन्याभरानं निवडीचं पत्र आलं.

मग आठवड्यातून तीन दिवस एसटीनं कोल्हारला उतरायचं आणि तिथून मिळेल त्या गाडीनं काठाकाठानं फिरायचं, असं सुरू झालं. पहिल्या दोन गावांत चांदी झाली. गाडीचा उतार वेगळा आणि पायाचा वेगळा, हे मला तिथं कळलं. गाडीला तळ टणक लागतो, मग पाणी चाकाच्या तुंब्यापर्यंत, म्हणजे आस बसतो त्या मधल्या लाकडापर्यंत, आलं तरी चालतं. पायी जाणाऱ्याला पाणी कमी लागतं, मग तळाशी वाळू असली तरी हरकत नाही. पूर येऊन गेला की उतार सरकायचा, आणि दिवाळीनंतर तो नव्यानं शोधावा लागायचा. म्हातारे बाप्ये हमखास गाडीचा उतार दाखवायचे. पायाचा उतार बायकांना ठाऊक असायचा, कारण माहेर पलीकडे. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं, आणि वहीत लिहिताना मला अगदी लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या गावात मात्र गाडं अडलं. ज्या दारात जावं तिथं घरातलं म्हातारं माणूस नेमकं गावाला गेलेलं. एका घरी तर गावाला गेलेले आजोबा माझ्यासमोर ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. मी चिडले. गावाला नावं ठेवत स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले, तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, "बाई, तुमी जुने उतारे कशापायी गोळा करताय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नगरची एक बाई वही घेऊन घरोघर फिरतीये आणि म्हाताऱ्या माणसांना एकेकटं गाठून उतारे विचारतीये, असं गावभर झालं होतं. उतारा म्हणजे सातबारा, जमिनीचा कागद. मी विचारत होते उताराचं, त्यांना ऐकू जात होतं उताऱ्याचं. सगळा घोळ एका अक्षराचा. ज्यांच्या जमिनीला कधीकाळी बहिणीचं, आत्याचं नाव होतं, त्यांना ही बाई तेच उकरून काढायला आली असं वाटलं असणार. इतिहास शिकवणाऱ्या बाईला बोलताही येत नाही म्हणून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. टपरीवाल्याला सगळं समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाची म्हातारी माणसं गावाहून परत आली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मला बोलावणं आलं. नदीच्या अंगाला एका मळ्यात एक म्हातारी राहायची. गावाची लेक म्हणून सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. ती भाच्याच्या घरी होती. भाचा दारातच भेटला, नदीचंच विचारा म्हणाला, आणि मोटारसायकल काढून कामाला निघून गेला.

आत्याइतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नाही. तिचं सासर पलीकडच्या काठाला. उतार सरळ नसतो, तिरपा असतो, ती म्हणाली. तोंड पाण्याच्या येण्याकडं ठेवायचं आणि खेकड्यासारखं आडवं सरकायचं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. तळाला वाळू भुसभुशीत लागली की थांबायचं आणि एक पाऊल पाण्याच्या वरच्या अंगाला यायचं. पाण्याकडं बघायचं नाही, घेरी येते, पलीकडच्या बाभळीकडं बघायचं. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं, दोघी मिळून धुणं धुवायला जायच्या तेव्हा. नवरा गेल्यावर त्याच उतारानं ती माहेरी आली, डोक्यावर गाठोडं घेऊन, आणि परत गेली नाही. मी भराभरा लिहीत होते. मला पुढचं पुढचं विचारायची इतकी घाई झाली होती, की ती मधूनमधून माझ्याकडं कशी बघतीये हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर ती उठली. पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद. जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स होती. ती म्हणाली, "तुजं नदीचं मी सांगितलं. आता माजं वाच. तू उतारा बगायला आलीस म्हनले म्हनूनच तुला बलावलं मी."

म्हणजे गावात सगळ्यांना खरं कळलं होतं, आणि ही एकटी अजून उताऱ्यावरच थांबली होती. तिला अक्षरओळख नव्हती. फार वर्षांपूर्वी शेजारच्या कुणीतरी बोट ठेवून हे तुझं नाव म्हणून दाखवलं होतं, आणि ती जागा तिनं लक्षात ठेवली होती. आपलं या मळ्यात काहीतरी आहे, आपण कुणाच्या उपकारावर राहत नाही, हे ती त्या जागेकडं बघून स्वतःला सांगत आली होती. तिनं अचूक त्याच ओळीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "हाय न्हवं?"

नाव होतं. नावाच्या दोन्ही बाजूंना कंस होता, आणि शेजारी फेरफाराचा, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. उताऱ्यावर नावाला कंस म्हणजे ते नाव कमी केलेलं असतं. खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं, हे मी कबूल करते. पण आत्तापर्यंत तिच्याकडून मी सगळं खरं खरं काढून घेतलं होतं. मी तिला कंस दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला.

तिनं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्या दोन वाकड्या रेघा तिला आज पहिल्यांदाच दिसत होत्या. मी विचारलं, बहिणीनं हक्क सोडल्याशिवाय तिचं नाव निघत नाही, कधी कुठं अंगठा दिला होता का? ती आठवत राहिली. बाहेर कुणीतरी मोटार चालू केली आणि पाइपातून पाणी आल्याचा आवाज आला.

"एकदाच दिलता," ती म्हणाली. "भाऊ म्हनला, नदीला पूल मागायचाय, समद्या गावाचं अंगठं लागत्यात. मी लई खूष झालते. म्हनलं, आता पोरीबाळींना पान्यातनं माहेरी यावं लागायचं न्हाई."