सगुणेच्या परसातले वाल

सगुणेचा सारा जन्म धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात गेला. खाऱ्या पाण्यानं तळपाय चिरलेले, मिठाच्या टोपल्या वाहून मानेला बाक आलेला. त्या गावात दारातली तुळस जगवायची तरी गोडं पाणी लांबून आणावं लागे. "आमी मीठ पिकवनारी मानसं," ती म्हणायची, "आमच्या हातून हिरवं काय उगवतंय!"

नवरा लवकर वारला. एकुलता एक मिथुन मात्र शिकला, डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडं लागला, आणि पेणला भाड्याचं घर बघून आईला तिथं घेऊन आला. निडीच्या अनिताशी त्याचं लग्न झालं. भातशेती करणाऱ्या घरातली, हसरी, बडबडी पोर. घरामागं चार पावलांचं परस रिकामं पडलेलं होतं. "सुट्टी मिळू दे, साफ करू," असं मिथुन दर रविवारी म्हणायचा.

गणपती उठले त्याच आठवड्यात, सेकंड शिफ्टला जाताना, महामार्गावर एका ट्रेलरनं त्याची मोटारसायकल उडवली.

त्यानंतर अनिता बोलेनाशी झाली. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खायची, नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. सगुणा चूल-भांडी उरकायची आणि तिच्या उशाशी बसायची.

दिवाळी झाली. कपाट आवरताना सगुणेला वाचनालयाचं एक पुस्तक सापडलं. अनिताला वाचायचा नाद म्हणून मिथुन आणायचा, त्यातलंच शेवटचं. सगुणेला अक्षर येत नव्हतं, पण दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये एवढं कळत होतं. पदराखाली पुस्तक घेऊन ती वाचनालयात गेली.

तिथं पुस्तकं देणाऱ्या नमितानं पुस्तक ओळखलं. तिनं सगुणेला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर एका पेटीत कागदाच्या पुड्या मांडलेल्या होत्या.

"हे काय गो, औषध?"

"बियाणं आहे, मावशी. लोकांनी घरी काहीतरी लावावं म्हणून वाचनालय फुकट देतं. न्या ना तुम्ही पण."

"माज्या हातून काय उगवनार हाय?"

"उगवलं नाही तरी कुणी विचारायला येणार नाही," नमिता म्हणाली आणि तिनं वालाची एक पुडी, एक माठाची, एक दुधीची अशा तीन पुड्या सगुणेच्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सगुणेनं परसातलं रान उपटलं. मिठागरात खोरं चालवलेले हात. तिनं कोपरभर खोल खड्डा खणला आणि सगळे वाल एकदम त्यात ओतले. ती माती लोटणार, तोच मागून घोगरा आवाज आला.

"आई, एवढं खोल नाय टाकायचं. कुजंल ना ते."

अनिता दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. ती खाली उतरली, खड्ड्यातला एकेक दाणा वेचून काढला, आणि बोटाच्या पेराएवढं भोक करून त्यात दाणे घालत गेली. सगुणा बाजूला उकिडवी बसून बघत राहिली.

त्या दिवसापासून अनिता सकाळी उठायला लागली. वाल वर आले, माठ आला, दुधीचा वेल पत्र्यावर चढला. पाण्याची बादली कुणी उचलायची यावरून दोघी भांडूही लागल्या. वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा थोड्या उकडून दोघींनी परसातच बसून खाल्ल्या. काही शेंगा वाळल्यावर अनिता स्वतः वाचनालयात गेली, मूठभर बी देऊन आली, येताना एक पुस्तकही घेऊन आली.

शिमग्यानंतर तिचा भाऊ प्रणित तिच्यासाठी स्थळ घेऊन आला. रोह्याचा एक माणूस होता, अक्षय नावाचा. बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही, दुकानात नोकरी. माणूस सरळ.

"मी आईंना टाकून कुठं नाय जायची," अनितानं सांगून टाकलं.

सगुणेला आतून केवढं बरं वाटलं! दिवसभर ती त्या बऱ्या वाटण्यातच वावरली. पण संध्याकाळी अनिता दुधीच्या वेलाला काठी बांधत होती, तिच्याकडं बघता बघता सगुणेला आपलं तरणं विधवापण आठवलं. तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तिनं समजावलं, अनितानं ऐकलं नाही. मग एके सकाळी सगुणा भांडं आपटून म्हणाली, "तू समोर आलीस का मला माजा पोर आठवतो. नको मला तू या घरात. जा!"

अनिता पांढरीफटक पडली. तिनं पिशवी भरली, भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर निघून गेली. वैशाखात अक्षयशी तिचं लग्न झालं. सगुणेला बोलावणं होतं. ती गेली नाही.

पावसाळा सरला. अनिताला दिवस गेल्याचं प्रणितकडून कळलं, तेव्हा मात्र सगुणेला राहवेना. दुधी, माठाची जुडी, मागच्या वर्षीचे राखलेले थोडे वाल पिशवीत घालून ती एसटीनं रोह्याला गेली.

अनितानं चहा केला. अनिताची नवी सासू समोरच बसलेली, त्यामुळं बोलणं हवापाण्याचंच झालं. निघताना अनिता स्टँडपर्यंत आली.

"अनिता, मी त्या दिशी जे बोल्ले..."

"खोटं होतं, आई. तेव्हाच कळलं मला," अनिता म्हणाली. "पण खरं मानलं नसतं तर पाय निघाला नसता माझा."

सगुणेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाळ झालं की घेऊन येते."

"नको. तुज्या घरच्यांना ते बरं नाय वाटायचं. सुखी ऱ्हा."

अनितानं मान खाली घातली. ते खरं आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. एसटी आली.

पेणला उतरून सगुणा घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच बसली. मिथुन गेल्यापासून ती रडली नव्हती. सून खचेल या भीतीनं तिनं ते रडू आतच कोंडून ठेवलं होतं. ती गेल्यावरही, तिचं बरं चाललंय हे डोळ्यांनी बघेपर्यंत ते सुटलं नव्हतं. आता ते बघून झालं होतं, आणि घरात ऐकणारं कुणी नव्हतं. लेकाचं नाव घेऊन ती मोठ्यानं रडली.