कामावर घेण्याआधीच नारळ

जुनी विमानं दुरुस्त करून संग्रहालयात मांडतात, ते वर्कशॉप बघायला मी अण्णांना घेऊन गेले ही चूक माझीच. पेपरात फोटो आला होता. नाशिकजवळच्या एका विमान-संग्रहालयाने म्हणे वारसा जपायचं मनावर घेतलं होतं. अण्णांनी भिंगातून फोटो पाहिला आणि ओरडलेच, "आमच्या हँगरमधलं इमान हाय हे!" त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. त्या विमानाला पुन्हा हात लावायचा. दोन दिवस का होईना, काम मागायचं.

माझे वडील आयुष्यभर विमान कारखान्यात रिव्हेट बसवत होते. गन मारणारा बाहेर उभा असायचा. अण्णा पंखाच्या पोकळीत आडवे पडून डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, आतून रिव्हेटच्या बुडाला दाबून धरायचे. त्या आवाजात बोलायची सोय नसायची, म्हणून आतून पत्र्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे काढून टाक. दोन्ही कान त्या पोकळीतच गेले. आता ते फक्त माझ्या ओठांकडे बघून समजून घेतात.

अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कापडी पिशवीत डॉली होती. रिटायर होताना ती त्यांनी घरी कशी आणली, हे मी कधी विचारलं नाही.

वर्कशॉपमधलं विमान वरातीतल्या बँडच्या गाडीसारखं चकचकत होतं. साहेब स्वतः दाखवायला आले. चाळिशीचे, गोड बोलणारे. ते रंगाबद्दल सांगत होते तेवढ्यात अण्णा पंखाखाली वाकले आणि बोटं फिरवता फिरवता थांबले.

"हे पॉप रिव्हेट हायेत," बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. "भाईरूनच मारलेत. आत माणूसच नाय घातला!"

मग त्यांनी पत्र्यावर तीन ठोके दिले. त्याचा अर्थ तिथे मला एकटीलाच कळला.

"अहो काका, हे आता थोडंच उडणार आहे?" साहेब हसले. "लोक येतात, सेल्फी काढतात. वरून पुट्टी मारली की काही दिसत नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"म्हणतात, घाई झाली."

मग त्यांनी पिशवी उघडली. "ही रिव्हेटची एक वळ मी बसवून देतो. दोनच दिस द्या. आत मी जातो, भाईर तुमचा कोन बी चालंल."

"नक्की, नक्की! तुमच्यासारख्यांचं मार्गदर्शन हवंच आम्हाला. फोन करतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिपायाला खूण केली. कपाटातून शाल निघाली. आत तशाच शालींची थप्पी होती, म्हणजे अण्णांसारखे बरेच येऊन गेले असणार. पाठोपाठ नारळ आला. त्याच पंखापुढे फोटो काढला. डॉलीची पिशवी फोटोत येऊ नये म्हणून कुणीतरी ती पायाने बाजूला सरकवली.

कामावर घेण्याआधीच नारळ देणारं ऑफिस मी पहिल्यांदाच पाहिलं. तोंडाला पानं पुसायची, तीसुद्धा शाल पांघरवून. मला त्या साहेबाचा राग आहे, पण स्वतःचा त्याहून जास्त आहे. वर्गातल्या साठ पोरांवर ओरडणारी मी, तिथे "थँक यू सर" म्हणून बाहेर पडले.

परतीच्या रिक्षात अण्णांनी विचारलं, "कधी बोलावलं?"

"फोन करणार आहेत."

ते खूश झाले. मांडीवरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "मुहूर्ताचा हाय हा. पयल्या दिशी इमानाच्या चाकाशी फोडायचा."

त्यांना साहेबाचा एक शब्दही ऐकू आला नव्हता. हातात नारळ आला, एवढंच त्यांनी पाहिलं. नवं विमान हँगरबाहेर काढताना नारळ फोडायची त्यांची रीत, तेव्हा हा दुसऱ्या अर्थाचा नारळ आहे हे त्यांच्या डोक्यात येणार तरी कसं? मी ते सांगायला हवं होतं. रिक्षा घरापर्यंत आली तरी मी सांगितलं नाही.

याला सहा महिने झाले. नारळ देव्हाऱ्यात आहे. आईने एकदा चटणीसाठी हात लावला तर घरात महाभारत झालं. दर शनिवारी अण्णा तो उतरवतात, माझ्या कानाशी धरून हलवतात आणि माझ्या ओठांकडे बघत विचारतात, "पानी हाय ना आत?"

आत वाळलेला गोटा खुळखुळतो.

मी म्हणते, "भरपूर आहे, अण्णा."