डाव्या चाकामागचा दगड

गाडी खाली आली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. आधी काहीतरी चुरडल्यासारखं वाजलं, मग जॅक फरशीवर आडवा पडला, आणि मग विलासच्या छातीतली हवा एकदम बाहेर आली. तेवढंच. मी चुलीपाशी सरपण सारत होते. माझी मुलगी मीना खापरावर मांडा टाकत होती, दोन्ही हातांवर तो लोंबत होता. वळून पाहिलं तर गाडी हातभर मागं सरकून तिरकी बसलेली, आणि खालून विलासचे, माझ्या जावयाचे, पाय बाहेर. पाय हलत होते. मीना धावली, मांडा विस्तवात पडला. गल्लीतल्या पाच-सहा जणांनी गाडी उचलून धरली आणि त्याला ओढून काढलं. डोळे उघडे होते. त्यानं मान वळवून मागच्या चाकाकडं पाहिलं आणि म्हणाला, "दगड…" मग माझ्याकडं पाहिलं. "अक्का, दगड…" त्यानंतर तोंडातून रक्त आलं. धुळ्याला पोचेपर्यंत तो राहिला नाही.

ही आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ होती. आता सहा आठवडे होतील. मी पारोळ्याला राहते, वय बहात्तर, शिक्षण चौथी. गल्ली मला अक्का म्हणते, जावईही तेच म्हणायचा. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणायचे आणि पाठीमागं तो, म्हणून इथंही तो असंच लिहिलं आहे. पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, पण तो होता तेव्हा मी त्याच्याबद्दल चार माणसांत एक चांगला शब्द काढला नाही, आता कुठून आणू? जे घडलं ते मात्र मला लिहिता येईल. ते दुसऱ्या कोणाला येणार नाही.

तो मीनाला बघायला आला तेव्हा मी त्याची नखं पाहिली होती. नरडाण्याला एमआयडीसीजवळ गॅरेज, सकाळपासून गाड्यांखाली. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुलगा पसंत पडला. मला पडला नाही. मला कचेरीत बसणारा जावई हवा होता. हळदीच्या दिवशी त्याचा अंगठा पिवळा झाला आणि नख काळंच राहिलं, ते माझ्या डोळ्यांत खुपलं ते खुपलंच. त्यानंतर अठरा वर्षं तो माझ्या घरी जेवायला बसला की मी आधी म्हणायचे, "पाव्हणे, हात दाखवा." आणि तो दाखवायचा. पालथे, उलथे, शाळेतल्या पोरासारखे. एकदाच उलटून बोलला, तेही हसून, "हात काया शेत अक्का, पन घास धवया शे." मी म्हणाले, "पांढरा असेल, पण तो घास माझ्या घरचा आहे." पंगतीतले हसले. तोही हसला, पण त्या दिवशी दुसरी पोळी घेतली नाही. त्यांना मूल झालं नाही. दोष कोणाचा ते मला माहीत नव्हतं, तरी मी कानबाईच्या सणाला बायकांत बोलले, की गाड्यांचे पार्ट बदलणाऱ्याला घरचं काही जमलं नाही. मागं दारात तो नैवेद्याच्या रोटांची परात घेऊन उभा होता. परात त्यानं खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेला.

कामात मात्र त्याला तोड नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी ते कबूल केलं नाही. मालक जाताना एक जुनी एसयूव्ही मागं ठेवून गेले. गल्लीतला एक ड्रायव्हर बोलावला की मी तिच्यातून शेतात जाते, लग्नाकार्याला जाते. आखाजीच्या आधी ती वळताना कट कट वाजायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, बेअरिंग गेलं. मी विलासला फोन लावला, तर म्हणाला, फोन खिडकीबाहेर धरा आणि गाडी वळवायला सांगा. मी धरला.

"कोनता वळनवर वाजस, अक्का? शाळाकडे वळताना का किल्लाकडे?"

"शाळेकडं."

"म्हंजे उजवीकडे. मंग डावा एक्सेल गया."

"उजवीकडं वळताना वाजतं तर उजवा नको का?"

"वळनवर बठ्ठा भार बाहेरना चाकवर येस. डावाच शे."

"फोनवर गाडी तपासता, तर माझा गुडघाही तपासा."

"तो मॉडेल जुना शे, पार्ट भेटत नही."

मला हसू आलं होतं. मी फोन ठेवून दिला.

आखाजीला आमच्याकडं लेक माहेरी येते आणि जावयाला मांडे आणि आमरस करतात. शेतकरीसुद्धा त्या दिवशी औत धरत नाही. ते दोघं सकाळीच आले. विलासनं धुळ्याहून नवा एक्सेल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, आणून ठेवला होता, कापडात गुंडाळून, पाळण्यातल्या बाळासारखा. मला दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याला भाचीकडं जायचं होतं. मी म्हटलं, आजच बसवा. तो म्हणाला, "आज आखाजी शे अक्का, सकाय करसू. घोड्या बी गॅरेजवर शेत." घोड्या म्हणजे गाडी उचलल्यावर खाली लावायचे लोखंडी टेकू. मी म्हणाले, "मांडे व्हायला वेळ आहे. नुसतं पाटावर बसायला आलात का?" मीना म्हणाली, "आई, राहू दे ना." तो तोवर उठला होता. नवा सदरा काढून त्यानं खुंटीला लावला.

आधी त्यानं गाडी बाजार समितीच्या मोकळ्या जागेत नेली आणि स्टिअरिंग पुरतं वळवून गोल गोल फिरवली. मला सोबत नेलं होतं, मी मधोमध उभी. प्रत्येक फेरीला कट कट. मग खाली वाकून त्यानं डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि मला दाखवलं, काळं ग्रीस आणि त्यात माती. जॉइंटवर एक रबराची पिशवी असते, ती फाटली होती. ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि आतल्या लोखंडी गोळ्या झिजून गेलेल्या. कोणी विचारो न विचारो, तो असं सगळं समजावून सांगायचा. माणसानं आपलं काम समजून घ्यावं असं त्याला फार वाटे. मी तोंड फिरवून उभी राहायचे आणि सगळं ऐकायचे.

आमचं अंगण रस्त्याकडं उताराचं आहे. गाडी घराकडं तोंड करून लावली आणि भिंतीकडचे दोन काळे दगड त्यानं स्वतः उचलून आणले. दोन्ही मागच्या चाकांमागं एकेक सारला आणि टाचेनं ठोकून बसवला. मग मला म्हणाला, "अक्का, या गाडीना हॅन्डब्रेक नावना शे. आनि पुढलं एक चाक उचललं का गिअर बी धरत नही. मंग बठ्ठी गाडी या दोन दगडवर. त्यासले हात लाऊ नका." माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाला. मी ऐकलं. त्यानं चाक जमिनीवर असतानाच एक्सेलचा मोठा नट ढिला केला. पान्यात पाइप घालून त्यावर उभा राहिला, तेव्हा कुठं तो हलला. घामानं डोळे चरचरायला लागले म्हणून मागच्या दारी नळावर गेला.

तेवढ्यात मीनानं हाक मारली. "आई, खापर डगमगतंय, मांडा फाटेल." खापर म्हणजे मातीचं पालथं भांडं, त्याला खाली तीन दगड सारखे लागतात. माझा तिसरा दगड तापून दुभंगला होता. दुसरा शोधावा लागला असता. मी गेले आणि डाव्या चाकामागचा दगड पायानं ओढला. गाडी अजून चारही चाकांवर होती, गिअरमध्ये होती, दगड सहज आला. न्हाणीच्या कामातून उरलेल्या विटा भिंतीला होत्या, त्यातली एक घेऊन त्या जागी सारली. वीट काय आणि दगड काय. आमच्याकडची वीट हातानं आपटली तरी फुटते हे मला पन्नास वर्षं माहीत आहे. दगड मी खापराखाली लावला. मीना हातांवर मांडा वाढवत होती, दगड कुठून आणला ते तिनं पाहिलं नाही. खापर छान बसलं.

विलास आला, जॅक लावला, चाक काढलं आणि जॅकशेजारी लाकडाचा एक ठोकळा सरकवला. त्यानं मागं जाऊन पाहिलं नाही. स्वतः ठोकून बसवलेला दगड माणूस पुन्हा कशाला पाहील? तो खाली शिरला तेव्हा मी दहा पावलांवर होते. मी सांगितलं नाही. विसरले असं म्हणता येईल, पण विसरले नव्हते. सांगितलं असतं तर तो उठला असता, दुसरा दगड शोधला असता, आणि त्याच्यापुढं माझं चुकलं असं झालं असतं. अठरा वर्षांत त्याच्यापुढं माझं एकदाही चुकलं नव्हतं. जुना एक्सेल आतल्या बाजूनं अडकला होता. तो टॉमीची लोखंडी पहार लावून हिसके देत होता, प्रत्येक हिसक्याला गाडी जराशी डुलत होती. मी त्याला ओरडले, "आटपा, मांडे निवतील." खालून आवाज आला, "एक हिसका, अक्का." तो हिसका त्यानं दिला.

त्याला घेऊन सगळे गेले, मीनाही गेली. मी मागं राहिले, कारण चूल पेटलेली होती. मी विटेचा चुरा झाडला आणि चुलीतल्या राखेत टाकला. अंगणात रक्त होतं, म्हणून झाडू मारला याचं कोणाला नवल वाटलं नाही. दुपारी पोलीस आला. म्हणाला, "चाकांना दगड लावले नव्हते का, आजी?" मी म्हटलं, "त्या चाकाला दिसतो ना." त्यानं एका चाकाला दगड असं लिहून घेतलं. लिहिलेलं खरंच होतं.

आंघोळ घालताना भाऊबंद त्याच्या नखांतलं काळं घासत होते, निघत नव्हतं. मी म्हणाले, पुरे.

दहाव्याला गॅरेजवाले आले. माझ्यासमोर एकमेकांत बोलत होते. "एवढा कारागीर, आनि एकच चाकले दगड लावा." "सणनी घाई, दुसरं काय." त्या एका ओळीत त्याची सगळी कारागिरी गेली. मीनानं ते ऐकलं. मरताना तो दगड दगड म्हणाला, त्याचा अर्थ तिनं तिथं लावला, की चूक त्याला शेवटी आठवली. तेव्हापासून ती रडत नाही, चिडते. माझ्याकडंच राहायला आली आहे. भांडी घासताना मधेच म्हणते, "दुसऱ्यांना शिकवत फिरायचा, आणि स्वतःला एक दगड लावता आला नाही. आपल्या हातानं मेला." त्याचे पाने, हातोड्या तिनं देऊन टाकल्या. फोटो भिंतीवर लावायचा नाही म्हणते. मी पीठ मळत असते. त्यानं मला विचारलं होतं, कबूल केलं नव्हतं. माझ्याकडं बघून विचारलं होतं. हे तिथं फक्त मला कळलं.

पंधरा दिवसांनी त्याच्या गॅरेजमधला जोडीदार, दगाभाऊ, उरलेलं काम करायला आला. विलासनं काढलेले नट-बोल्ट आमच्याच एका स्टीलच्या ताटात होते, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं गोल मांडलेले. जेवायचं ताट घेतलं म्हणून मी त्या सकाळी त्याला बोलले होते. दगाभाऊनं ताटातल्या नटांवरून क्रमानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "अक्का, असा काम करनारा मानूस दगड इसरत नही." मी म्हटलं, "चहा ठेवते." त्यानं तोच नवा एक्सेल बसवला. गाडी आता शाळेकडं वळताना वाजत नाही. डावाच गेला होता.

दगाभाऊ गेल्यावर मी खापराखालचा दगड काढला आणि परत डाव्या चाकामागं सारला. त्याची एक बाजू काजळीनं काळी आहे. घासून पाहिली, निघत नाही. मीना रोज सकाळी अंगण झाडते, त्या दगडाभोवतीनं झाडू फिरवते. चाकामागच्या दगडाला चुलीची काजळी कशी, हे तिनं अजून विचारलेलं नाही. पेपरची ही पुरवणी आली की ती आधी वाचते आणि मग मला वाचून दाखवते, कारण बारीक अक्षर मला दिसत नाही. हेही तीच वाचेल. मोठ्यानं वाचेल, आणि कुठं थांबेल ते मला माहीत आहे. तिच्या तोंडावर सांगायला सहा आठवडे होते, मला जमलं नाही.

त्या सकाळी अंगणात आम्ही तिघं होतो. विलासरावांनी दोन्ही चाकांना दगड लावले होते. उरलो ते मीना आणि मी, आणि मीनानं दगडाला हात लावला नव्हता.